नऊ फेब्रुवारीपासून विभक्त

"फॉर्म भरायला अक्कल लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो!" असं चारुदत्तने जुलै महिन्यातल्या एका रविवारी जाहीर केलं आणि लॅपटॉप उघडला.

रश्मी आणि सहा वर्षांची जाई नागपूरहून कॅनडातल्या रेजिनाला येऊन जेमतेम महिना झाला होता. तो स्वतः त्यांच्या सोळा महिने आधी, आदल्या वर्षीच्या नऊ फेब्रुवारीला एकटाच आला होता. आता मुलीसाठी सरकारकडून दरमहा मिळणारा चाइल्ड बेनिफिट लागू करून घ्यायचा होता. अर्ज आईच्या नावाने करायचा असतो, पण रश्मी भांडी लावत होती आणि चारुदत्त सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. तेव्हा अर्ज कोण भरणार हा प्रश्नच नव्हता.

"अगं, ऑफिसातले लोक दोन-दोनशे डॉलर देऊन हे करून घेतात," तो म्हणाला. "मी वीस मिनिटांत करतो बघ!"

अठराव्या मिनिटाला वैवाहिक स्थितीचा रकाना आला. मॅरीड, विडोड, डिव्होर्स्ड, सेपरेटेड. चारुदत्त थबकला. लग्न तर झालेलं होतं, पण सोळा महिने दोघं दोन देशांत राहिले होते. म्हणजे वेगळेच राहिले की! सरकारपासून काही लपवायचं नाही, हे त्याच्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त तलाठ्यांनी, त्याच्या मनावर कोरून ठेवलेलं. त्याने 'सेपरेटेड'वर टिचकी मारली. केव्हापासून? ९ फेब्रुवारी २०२४. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. नवरा-बायकोचं पटेनासं झाल्यामुळे वेगळे राहत असाल तरच हा पर्याय निवडा, असं त्यांत अगदी सोप्या इंग्रजीत लिहिलं होतं. पण अठरा मिनिटं होऊन गेली होती!

पुढच्या महिन्यापासून दोघांच्या सामायिक खात्यात पैसे यायला लागले. ओळखीतल्या कुणाहीपेक्षा जास्त.

"बघितलंस? नीट भरला ना, की सगळं मिळतं," चारुदत्त म्हणाला. त्याच आनंदात रश्मीने कॉलेजात बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं. वर्ग जानेवारीत सुरू व्हायचे होते. शाळा सुटल्यावर जाईला पाळणाघरात ठेवायचं आणि त्याची फी या पैशांतून भरायची, असा हिशेब बसला.

सप्टेंबरच्या शेवटी रश्मीच्या नावाने एक लिफाफा आला. चारुदत्त ऑफिसात होता. तिने दारातच, बूट न काढता पत्र वाचलं. 'आपण आपल्या पतीपासून ९ फेब्रुवारी २०२४ रोजी विभक्त झाल्याचे कळवले आहे. आपले पती सध्या कुठे राहतात, याचे पुरावे पंचेचाळीस दिवसांत पाठवावेत.'

तिने ते पुन्हा वाचलं. मग घडी घालून स्वयंपाकघरातल्या खणात, टेबलक्लॉथच्या खाली ठेवलं. संध्याकाळी तिने चारुदत्तला काही विचारलं नाही. तो मात्र दोन पोळ्या जास्त जेवला.

रश्मीच्या मनातलं निदान कुणाला तरी कळायला हवं होतं. ते आठवडाभराने वीणाकाकूंना कळलं. वीणाकाकू आणि मोहनकाका म्हणजे वरच्या मजल्यावरचे घरमालक, मूळ पुण्याचे, रेजिनात तेवीस वर्षं मुरलेले. त्यांच्या बेसमेंटमध्ये हे तिघं राहत होते. काकूंनी पत्र पाहिलं, रश्मीला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "तू त्याला काही विचारू नकोस. यांना बोलू दे. पुरुषांचं पुरुषांना कळतं."

दुसऱ्या दिवसापासून खाली डबे यायला लागले. रश्मीसाठी आणि जाईसाठी. दोन वाट्या असायच्या, मोजून दोन! चारुदत्तला वाटलं, काकू आता म्हाताऱ्या झाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिला बर्फ पडला आणि चारुदत्तने मोहनकाकांना गॅरेजपर्यंत सोडायला सांगितलं. त्याची जुनी गाडी तिथे होती. तिला विंटर टायर बसवायचे होते, आणि गेले चार दिवस त्याच्या डोक्यात टायरांशिवाय दुसरं काही नव्हतं. मोहनकाकांच्या डोक्यात दुसरंच होतं. दोन सिग्नल गेले. मग ते खाकरले.

"चारुदत्त, एवढ्यात टाकून द्यायचं नसतं रे."

"काका, माझीही इच्छा नाही. पण ग्रिपच राहिली नाही."

"थोडी झीज होतेच. आमची नाही झाली?"

"तुमचं वेगळं. तुम्ही पहिल्यापासून नवीन घेतलेत."

मोहनकाकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "दुसरीकडे कुठे बघितलंयस का तू?"

"बघितलंय ना! सस्कटूनला. सेकंडहँड आहे, पण कंडिशन एकदम उत्तम. शनिवारी जाऊन हात लावून बघतो, मग ठरवतो."

काकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. त्यांना घाम आला होता. बाहेर उणे अकरा होतं!

"रश्मीला हे माहीत आहे?"

"सांगितलं तिला. ती म्हणाली, तुझं तू बघ."

मोहनकाका इथे वीस वर्षं सरकारी नोकरीत होते. माणसं कामावरून काढलेली त्यांनी पाहिली होती, पण असा निर्लज्ज शांतपणा नाही. "उतर," ते म्हणाले. गॅरेज अजून अर्धा किलोमीटर होतं. चारुदत्तला वाटलं, काकांना वळायला सोपं जावं म्हणून असेल. तो "थँक यू काका!" म्हणून उतरला आणि बर्फातून चालत गेला.

वीस नोव्हेंबरला खात्यात पैसे आले नाहीत. चारुदत्तने फोनवर तीनदा बघितलं. जेवताना तो म्हणाला, "यांच्या सिस्टिममध्ये काहीतरी गडबड आहे. उद्या चांगलं झापतो त्यांना!"

रश्मी उठली. तिने खण उघडला, टेबलक्लॉथखालचं पत्र काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. पंचेचाळीस दिवस उलटून गेले होते.

त्याने वाचलं. त्याचे कान आधी लाल झाले, मग चेहरा.

"अगं, हे... म्हणजे आपण वेगळे राहत होतो ना, त्या अर्थाने... मला वाटलं... तू मला विचारलं का नाहीस?"

"इज धिस अबाउट द सेपरेटेड थिंग?" जाईने भाताचा घास घेत विचारलं. "एव्हरीबडी नोज, बाबा. काकू सेड इट्स ओके टू बी सॅड."

"मी नाहीये सेपरेटेड!" चारुदत्त ओरडला.

"बट यू डिड इट ऑनलाइन," जाई म्हणाली.

रश्मीने तिला टीव्हीसमोर बसवलं आणि परत येऊन समोर बसली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"पत्र वाचलं तेव्हा मला धक्का बसायला हवा होता. नाही बसला. हेच माझ्या मनाला लागलं, चारू. वाटलं, बरोबरच तर लिहिलंय याने. जाईला डेंग्यू झाला तेव्हा चार रात्री मी हॉस्पिटलच्या बाकावर काढल्या. तुला फोन केला तर तू म्हणालास, 'तू स्ट्राँग आहेस, तू करशील.' आणि मीटिंग आहे म्हणून ठेवलास. तेव्हा वेगळेच होतो आपण. फॉर्म चुकलाय असं मला वाटलंच नाही."

चारुदत्तच्या तोंडाशी आलेलं वाक्य होतं, 'मी हे सगळं आपल्यासाठीच करत होतो.' ते त्याने गिळलं. त्याला ती मीटिंग कशाची होती तेसुद्धा आठवत नव्हतं. हे त्याने तिला तसंच सांगितलं.

"मला नाही आठवत गं, कशाची होती ती मीटिंग."

रश्मी पहिल्यांदा रडली. त्याने ताट बाजूला सारलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो वर गेला. चूक त्याची होती, ती त्याने वीणाकाकूंसमोर उभं राहून, पहिल्या टिचकीपासून सांगितली. सस्कटूनचा उलगडा झाला तेव्हा मोहनकाका खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकू हसल्या नाहीत. "तू तिला एकटीला टाकलंस ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "फॉर्म दुरुस्त होईल. तू हो."

दोघं एकाच घरात राहतात, याची पत्रं दुसऱ्यांकडून हवी होती. एक जाईच्या शाळेने दिलं. दुसरं मोहनकाकांनी सरकारी इंग्रजीत लिहिलं: 'सदर पती-पत्नी माझ्या बेसमेंटमध्ये एकत्र राहतात. बर्फ उपसायच्या एकाच फावड्यावरून दोघांना भांडताना मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.' फक्त रश्मीचं उत्पन्न धरल्यामुळे जास्तीचे आलेले पैसे परत करावे लागणार होते, आणि पाळणाघराची फी भरायची मुदत नवे पैसे सुरू होण्याआधीच संपत होती. चारुदत्तने मॅनेजरला गाठलं. सकाळी सातला यायचं, तीनला निघायचं, जाईला शाळेतून आपण आणायचं. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, तरी चारुदत्त हटला नाही, आणि शेवटी परवानगी मिळाली. रश्मीचं कॉलेज हुकलं नाही.

सोमवारी, पंधरा डिसेंबरला, बेनिफिटच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. कागदपत्रं मिळाली होती, थोडी खातरजमा करायची होती. चारुदत्तने स्पीकर लावला. रश्मी ओट्याशी होती. तिने आपल्या नावाची फाइल असल्याने संमती दिली आणि बोलायचं काम त्याच्याकडे दिलं. पत्ता, मुलीची जन्मतारीख, सगळं त्याने खणखणीत सांगितलं.

"अँड द डेट ऑफ मॅरेज, सर?"

"ट्वेंटी-सिक्स्थ नोव्हेंबर, ट्वेंटी सेव्हन्टीन!"

"तो साखरपुडा," ओट्याकडून आवाज आला. मग इंग्रजीत, फोनला उद्देशून, "इलेव्हन्थ डिसेंबर, मॅडम."

पलीकडे कीबोर्ड वाजायचा थांबला.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "दॅट वॉज लास्ट थर्सडे."

चारुदत्तने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गुरुवारच्या चौकोनात, पेन्सिलीने, काहीच न लिहिता नुसतं एक वर्तुळ काढलेलं होतं.

"मॅडम," बाईंनी आता थेट रश्मीला विचारलं, "आर यू शुअर यू वॉन्ट मी टू चेंज धिस बॅक टू मॅरीड?"

रश्मीने टॉवेलला हात पुसले. उत्तर द्यायची तिला मुळीच घाई नव्हती.

"यस," ती शेवटी म्हणाली. "बट प्लीज पुट माय फोन नंबर ऑन द फाइल. नॉट हिज."