आठ नंबरचं सीझन तिकीट

आमच्या मैदानावर फुटबॉलचं तिकीट काढलं की सोबत एका खेळाडूची दुखापतही मिळते. तिकिटावर जर्सीचा नंबर छापलेला असतो. त्या नंबराला मैदानात जे लागेल ते तिकीट घेणाऱ्याला लागतं, आणि खेळाडू उठून पुढे पळतो. चौथी विहीर तालीम मंडळाच्या फुटबॉल संघात ही पद्धत माझ्या आजोबांच्या काळापासून आहे.

मी मंडळाच्या तिकीट खिडकीवर बसतो. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून निवृत्त झालो त्याच आठवड्यात अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. त्यांना नोंदी नीट ठेवणारा माणूस हवा होता.

तिकिटं दोन प्रकारची असतात. सिंगल तिकीट एका मॅचचं. एका नंबराची दीड-दोनशे सिंगल तिकिटं जातात, त्यामुळे दुखापत तितक्या जणांत वाटली जाते. खेळाडूच्या घोट्यावर बूट बसला तर दोनशे माणसं एकदम पाय झटकतात, मुंगी चावल्यासारखी, आणि मॅच बघत राहतात. फाटकाबाहेर पडलं की संपलं. सीझन तिकीट मात्र एका खेळाडूमागे एकच निघतं. पहिल्या मॅचपासून फायनलपर्यंत त्या खेळाडूचं सगळं त्या एका माणसाला: मॅचमधलं, सरावातलं, मुका मार, लचक, सगळं. बरं व्हायला जितके दिवस लागायचे तितके लागतात. ज्या नंबराचं सीझन तिकीट गेलं तो नंबर मग सिंगलवर छापत नाहीत.

सीझनवाल्याला सावलीतली गादीची खुर्ची मिळते. पैशात म्हणाल तर दोन्हींत फार फरक पडत नाही.

म्हणून दरवर्षी हंगामाच्या तोंडावर संध्याकाळी दूध कट्ट्यावर हाच विषय असतो. म्हशीचं धारोष्ण दूध हातात घेऊन माणसं तासन् तास हिशेब मांडतात. रंगराव हेरवाडे अकरा वर्षं सिंगलवाले. ते म्हणतात, "सोळा मॅचा, सोळा मुंग्या. विषय संपला. गादीच्या खुर्चीसाठी गुडघा कोण घालवतंय?" त्यावर कुणीतरी म्हणतं की गोलकीपरचा विचार करा, त्याला पळावं लागत नाही. मग त्याच्या बोटांची चर्चा होते. सगळ्यात मागणी असते ती राखीव गोलकीपरच्या सीझन तिकिटाला, कारण तो सहा वर्षांत एकदाही मैदानात उतरलेला नाही. त्या एका तिकिटासाठी माझ्याकडे नगरसेवकांच्या चिठ्ठ्या येतात.

आठ नंबरचं सीझन तिकीट तीन वर्षं पडून होतं. आठ नंबर म्हणजे सादिक बागवान. वय बावीस, दिवसा फौंड्रीत कामाला. पोरगं असं, की दोन माणसांच्या मधून चेंडू जाताना दिसला तर हे तिसरं तिथं घुसणारच. त्याचं सिंगल घेतलेली माणसंसुद्धा सामन्यानंतर थोडी लंगडत.

गेल्या वर्षी खिडकी उघडली त्या सकाळी अनुसया परीट आल्या. मैदानाच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. वय बावन्न, एकट्या राहतात. दर रविवारी दुकान बंद करून मॅचला येतात आणि पंचांना नावानिशी शिव्या घालतात.

"आठ नंबर द्या. सीझन," त्या म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. "काम उभ्यानं करता की बसून?"

"इस्त्री बसून कोण करतंय?"

"मग मला नियमानं सांगावं लागेल. आठ नंबरला मागच्या हंगामात नऊ जबर दुखापती झाल्या. सिंगल घेतलंत तर..."

"सिंगल लई वर्सं घेतली," त्या म्हणाल्या. "पण काय हाय गुरवसाहेब, रविवारी त्याच्या मागं दोनशे माणसं असत्यात. मंगळवारी सरावात लागलं तर कोण न्हाई. माझ्या दुकानावरनंच जातंय ते पोरगं. भिंतीला हात लावत लावत जातंय. कोण बघत न्हाई असं त्याला वाटतंय."

फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना आहे. मी तिथं 'मंगळवार' असं लिहिलं. तिकीट कुणाकडे आहे हे खेळाडूला सांगायचं नाही, असा नियम आहे. तो त्यांना वाचून दाखवला आणि शिक्का मारला.

त्यानंतरचे तीन महिने सादिक बागवान जे खेळला ते मी शब्दांत मांडू शकत नाही, मी नोंदी ठेवणारा माणूस आहे. पण नोंदी सांगतो. बारा मॅच, दहा विजय, चार गोल, आणि अनुसयाबाईंच्या नावावर डाव्या पायाची लचक, दोन बरगड्यांना मुका मार, उजव्या अंगठ्याचं नख. बाई एका स्टुलावर गुडघा टेकवून इस्त्री करायला शिकल्या. एकही दिवस दुकान बंद नव्हतं. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायच्या, "हेडर मारताना झालं," आणि कपड्यांची घडी पुढे सरकवायच्या. मी रोज सकाळी त्या रस्त्यानं जातो. खरं सांगायचं तर दुसऱ्या रस्त्यानं जवळ पडतं.

तेराव्या मॅचला कॉर्नरवर उडी घेताना सादिकची आणि समोरच्या संघाच्या बचावातल्या बॅकची डोकी आदळली. सादिक उठला, केस झटकले आणि पळाला. गादीच्या खुर्चीवर अनुसयाबाईंची डावी भुवई फुटली. चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सादिक फौंड्रीचे कपडे न्यायला दुकानात गेला. त्यानं बाईंच्या भुवईवरची पट्टी बघितली. मग स्टूल बघितलं. मग पायावरची पट्टी. कपडे घेऊन निघाला आणि दारातून परत आला, कारण पैसे द्यायचे राहिले होते.

पुढच्या मॅचमध्ये तो चेंडूजवळ गेला आणि थांबला. एकदा नाही, अकरा वेळा. समोरचा बॅक आला की हा बाजूला. मॅच बरोबरीत सुटली. त्याच्या पुढची हरलो. गॅलरीतून लोक ओरडत होते, "सादक्या, चहा पाठवू काय?" हेरवाडे म्हणाले की पोरगं भ्यालं.

सोमवारी अनुसयाबाई खिडकीवर आल्या. चालत आल्या, सरळ, न लंगडता.

"तक्रार हाय."

मी तक्रार वही काढली. "दुखापतीचं स्वरूप?"

"काय न्हाई दुखत."

"म्हणजे तक्रार काय?"

"हीच. दोन मॅचा झाल्या, एक ओरखडा न्हाई. मी आठ नंबरचं तिकीट घेतलंय. हा आठ नंबर न्हवं."

वहीत कमी दुखापतीच्या तक्रारीसाठी जागा नव्हती. मी चार वेळा नियमावली चाळली. शेवटी कलम सतरा सापडलं: धारकाला खेळाडूशी बोलायचं असल्यास कारकुनाच्या हजेरीत बोलावं. सादिकला आता सगळं ठाऊकच होतं, तेव्हा गुप्ततेचा प्रश्न उरला नव्हता. त्या संध्याकाळी मी त्याला दुकानात घेऊन गेलो आणि कपड्यांच्या गाठोड्यावर बसून राहिलो.

बाई शर्टाची कॉलर दाबत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय झालं रे पायाला?"

"कुठं काय, मावशी."

"तेच म्हणतोय मी. काय झालं न्हाई म्हणूनच इचारतोय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात.

सादिक इस्त्रीकडे बघत म्हणाला, "तुमी दिवसभर उभ्या असता, मावशी. मला आधी म्हाईत न्हवतं. आता चेंडू आला की मला चेंडू दिसतच न्हाई. तुमचा गुडघा दिसतोय."

"माझा गुडघा मी बावन वर्सं बघतोय," बाई म्हणाल्या. "तो बघायला मी मैदानात येत न्हाई."

"पर लागतंय तुमाला."

"लागतंय की. न लागायला काय झालं? पर तू त्या शिरोळच्या टीमच्या दोघांच्या मधनं गेलास न्हवं, सहाव्या मॅचला? तवा बरगडीत कळ आली बघ. आणि मला वाटलं, हे मी केलं." त्यांनी इस्त्री उभी केली. "आयुष्यात मी कुणाच्या मधनं गेलो न्हाई रे. कडंकडंनंच चाललोय. तेवढं एक माझ्याकडनं काढून घेऊ नको."

सादिकनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते की कोळशाचा धूर होता, हे मी नोंदवलेलं नाही. जाताना तो फक्त म्हणाला, "फायनलला डाव्या बाजूनं घुसणार हाय मी."

"घूस," बाई म्हणाल्या. "डावा पाय बरा हाय आता."

फायनल शेजारच्या पेठेशी होती. मैदान खच्चून भरलेलं. मी बाईंच्या मागच्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या शेजारी हेरवाडे. शून्य-शून्य. ऐंशीव्या मिनिटाला त्यांचा स्ट्रायकर आमच्या गोलसमोर मोकळा सुटला. आमचे सगळे पुढे गेलेले. डावीकडून सादिक आला. इतक्या लांबून कुणी येत नाही. पाय लांब करून तो घसरला आणि स्ट्रायकरच्या बुटाखालून चेंडू काढला. बूट त्याच्या नडगीवर बसला.

आवाज आमच्या रांगेत आला. सुकी काटकी मोडल्यासारखा. अनुसयाबाईंनी खुर्चीचा हात धरला आणि उजव्या पायावर उभ्या राहिल्या.

सादिक उठला होता. चेंडू त्याच्या पायात होता आणि समोर सगळं मैदान मोकळं. पण तो थांबला आणि त्यानं आमच्याकडे बघितलं. अख्ख्या गॅलरीला तो क्षण फार मोठा वाटला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी हात वर केला आणि गाय हाकलावी तसा झटकला.

"बघतोस काय माझ्याकडं! पळ की!"

तो पळाला. एक माणूस, दुसरा माणूस, दोघांच्या मधून, आणि अकरा नंबरला असा पास दिला की त्यानं नुसता पाय लावायचा होता. गोल. मी निवृत्त माणूस आहे, पण टोपी उडवली. हेरवाडे लहान पोरासारखे रडत होते. म्हणत होते, "हिच्याआयला, सोळा मुंग्या! अकरा वर्षं नुसत्या मुंग्या!"

अनुसयाबाईंना खुर्चीसकट उचलून दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण कप वर जाईपर्यंत त्या हलायला तयार नव्हत्या. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर अडीच महिने राहिलं. तेवढे दिवस आमच्या पेठेतली माणसं पाळीपाळीनं दुकान चालवत होती. कपडे काही नीट होत नव्हते, पण कुणी बोललं नाही.

यंदा खिडकी उघडली तेव्हा रांगेत पहिले हेरवाडे होते. त्यांनी चार नंबरच्या, बचावात मार खाणाऱ्या स्टॉपरचं सीझन घेतलं आणि अर्जावर दोनदा सही केली. त्यांच्या मागे अनुसयाबाई, काठी टेकत. आठ नंबर. मी 'कारण'मध्ये परत 'मंगळवार' लिहिलं.

दुपारी, खिडकी बंद करायच्या वेळी, सादिक आला.

"खेळाडूंना पास असतो," मी म्हणालो.

"मला सीझन पायजे. अनुसया परीट यांचं."

मी नियमावली पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. तिकीट फक्त फुटबॉल खेळणाऱ्याचंच निघावं असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी कोरा फॉर्म घेतला.

"जर्सी नंबर?"

"दुकान नंबर एकवीस."

"मैदान?"

"इस्त्रीचं टेबल."

"हंगाम कधीपासून कधीपर्यंत?"

"दुकान बाराही महिने उघडं असतंय, साहेब."

मी तिथं 'बारमाही' लिहिलं, शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे बाईंना काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रस्त्यानं गेलो. बाई काठी भिंतीला लावून टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी ओलं बोट इस्त्रीला लावून बघितलं; चर्र वाजलं, पण बोट मागे घेतलं नाही. परत लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तापतच न्हाई बघा आज मेली," आणि मूठभर कोळसे आणखी घातले.