मानकुरादला शून्य गुण

"चूक! शून्य! बांगडो राष्ट्रीय कधी झालो रे?"

फेरीबोट केरीचा धक्का सोडून जेमतेम दहा हात गेली होती आणि नाना पोदेरावर ओरडत होते. पोदेर बिचारा पावांची टोपली सायकलला बांधून तेरेखोलला विकायला निघालेला. देशाचा राष्ट्रीय जलचर कोणता, असं सकाळी सात वाजता कुणी विचारलं तर आमच्या बाजूचा माणूस बांगडाच सांगणार. पण नानांनी गंगेतल्या डॉल्फिनवरून त्याला असं झापलं, की टोपलीतले गार पाव पुन्हा गरम झाले. तेरेखोलच्या लोकांनी त्या दिवशी वाफाळते पाव खाल्ले, हे मी कुठल्याही देवासमोर सांगायला तयार आहे.

नाना माझे शेजारी. वय सत्तरीचं, आवाज बोटीच्या भोंग्याचा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सुर्ल्याच्या खाणीवर, वजनकाट्याच्या खोलीत काढली. खनिजाचा ट्रक काट्यावर चढायचा, नाना वजन लिहायचे आणि पुढचा ट्रक येईपर्यंत पुस्तक उघडायचे. चरित्र, आत्मचरित्र, इतिहास, प्रवासवर्णन. घडलेलं तेवढंच वाचायचं. कथा-कादंबऱ्यांना ते 'फटी' म्हणतात, म्हणजे थापा. दूध चोरून साळसूद चेहऱ्याने बसणाऱ्या त्यांच्या मांजरीचं नाव कादंबरी आहे. पुस्तकात एखादं साल चुकलं की नाना थेट लेखकाला पत्र टाकतात. एकाने उत्तर दिलं नाही म्हणून वर्षभर घुश्शात होते. तो केव्हाच वारला होता, पण नानांच्या मते ही सबब झाली.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या केरीच्या देवळाच्या मंडपात नानांची प्रश्नमंजुषा होते. प्रश्न नानांचे, निकाल नानांचा आणि फळ्यावर गुण मांडायला मी. कुणी अर्धा गुण मागितला की नाना गरजतात, "काटो म्हणजे काटो! खाणीर अर्धो किलो सोडूक नाय, हय अर्धो गुण सोडू?"

किराणावाल्या बाबलशेटचा पहिला नंबर असाच गेला. राष्ट्रीय फळ कोणतं? बाबलशेट छाती काढून म्हणाले, "मानकुराद." नुसतं आंबा म्हणाले असते तर जिंकले असते; पण गोव्यातल्या माणसाला नुसता आंबा म्हणवतो का? नानांनी शून्य दिलं. तेव्हापासून बाबलशेट नानांची साखर तोलताना तिच्यातली मुंगीसुद्धा काढून घेतात, आणि मंडपात येतात ते नाना कधी चुकतात हे बघायला.

पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसते नानांची थोरली बहीण, शेवंतीताई. आई गेली तेव्हा ताई शाळेत होती. ती शाळा सोडून चुलीपाशी बसली आणि नाना शाळेत गेले. आता त्या घरात ही दोघंच. दर वर्षी ताई मंडपात येते, अबोलीचा वळेसर गुंफत सगळं ऐकते आणि उठून जाते. हात कधी वर केला नाही.

आणि दर वर्षी नानांचा शेवटचा प्रश्न अगदी पोरकट असतो. राष्ट्रीय पक्षी कोणता? झेंड्यात रंग किती? शंभर हात वर होतात, पण नाना आपले चष्मा पुसत राहतात. लोक म्हणतात, "नानांचो साठो संपलो." मी फळ्यापाशी उभा असल्यामुळे मला तेवढं दिसायचं, की चष्मा पुसताना त्यांचं तोंड पहिल्या रांगेकडे असतं.

यंदाचा शेवटचा प्रश्न होता, "भारत स्वतंत्र खंयच्या साली झालो?"

हात वर झाले. नानांनी चष्मा काढला. आणि कडेच्या खुर्चीवरून, अबोलीच्या दोऱ्यासकट, ताईचा हात वर आला.

नानांच्या हातून चष्मा पडला. खाणीत सुरुंग उडतानाही हा माणूस पान उलटत बसायचा, तो आज सख्ख्या बहिणीला अहोजाहो करू लागला. "बोल… बोला, ताई."

ताई पदर सावरून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एकसष्ट."

मागून बाबलशेट खुर्चीवर चढून ओरडले, "शून्य! काटो म्हणजे काटो, नाना!" इतकी वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य होतं ते. दोघे-तिघे हसले. ताईने नानांकडे बघितलं आणि हळूच खाली बसू लागली.

माझ्या हातात खडू होता. नानांच्या हातात कार्ड होतं, आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात सत्तेचाळीस होतं. नानांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग चौघडी करून खिशात घातलं.

"बसू नको, ताई. बरोबर. पुरो गुण."

मंडपात असा गिल्ला उठला की देवळाच्या कळसावरचे कावळे पार रेडीच्या बंदरावर जाऊन बसले. "पुस्तक दाखवा! लेखक कोण?" बाबलशेट किंचाळले.

"केरी भारतात आसा मगे?" नानांचा भोंगा सुरू झाला. "मग पोर्तुगीज जाऊन केरी येयपर्यंत भारत पुरो खंय झाल्लो? सांगा! कोण सांगता?"

बाबलशेट खुर्चीवरून खाली उतरले.

"आणि माझो मानकुराद?" बाबलशेटचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

नाना फळ्याकडे वळले. "अर्धो गुण," ते म्हणाले. माझा खडू मोडला.

परतताना मी ताईबरोबर होतो. नाना पुढे, एकटेच, कुणाशी तरी भांडत असल्यासारखे हातवारे करत चालले होते. मी विचारलं, "ताई, इतकी वर्षां गप्प बसलंस. मोर ठावक नाय होतो तुका? आजच हात कसो वर केलंस?"

"मोर पुस्तकातलो," ताई म्हणाली. "एकसष्ट मी बघितलेला."