टेकडीवरचा मनोरा आणि सुधारलेलं गाव

उंचावर गेलं की माणसाची दृष्टी विशाल होते. या उदात्त विचाराने पर्यटन समितीने टेकडीवर निरीक्षण मनोरा बांधला. वर दुर्बीण बसवली, खाली खोली काढून तिथे राखणीला मनोरेकाकूंना बसवलं. (खोलीला छप्पर आहे की नाही, यावर समितीत मतभेद होते.) अट एकच: लोक येत राहतील तोवर खोली काकूंची.

लोक आले. नदी, डोंगर, क्षितिज वगैरे त्यांनी भराभर उरकलं आणि दुर्बीण खाली वळवून आपलं घर शोधलं. ते सापडल्यावर शेजारचं.

“अगं बाई! माझी हरवलेली चादर जाऊबाईंच्या दोरीवर!” वहिनी ओरडल्या.

“बघू, बघू,” नणंद म्हणाली. “आणि त्यांची भांडी कोण घासतंय? दादा? घरी तर पेला उचलत नाही!”

झालं! मनोऱ्याचं भाग्य उजळलं. काकूंनी हौसेने खोलीला रंग दिला. पण लवकरच सगळं गाव मनोऱ्यावर जमू लागलं आणि बघायला घरात कोणी उरेना. समितीने तातडीने ठराव केला: निम्म्यांनी बघावं, निम्म्यांनी घरी थांबून दिसावं. (दिसणाऱ्यांना तिकीट माफ.)

इथेच घात झाला. आपण दिसतोय म्हटल्यावर माणसं सुधारली. नवरे केरसुणी घेऊन अंगणात उतरले. सासवा सुनांच्या वेण्या घालू लागल्या. मुलं पुस्तकं उघडून बसली (काहींची उलटी होती, पण तेवढं वरून कळत नसे). जाऊबाईंनी चादर इस्त्री करून परत दिली. गाव इतकं गुणी झालं की बघवेना. गर्दी आटली.

आता खोली जाणार म्हणून काकू घरोघर फिरल्या. “अहो, माझ्यासाठी तरी थोडं भांडा! वहिनी, तुम्ही किती छान भांडायचा!”

“काकू, तुमच्यासाठी काय वाटेल ते केलं असतं,” वहिनी गहिवरल्या, “पण आज वरून विहीणबाई बघतायत हो.”

मनोऱ्याला कुलूप लागलं. त्याच संध्याकाळी गावभर जाड पडदे लागले आणि त्यांच्याआड तुंबलेली भांडणं एकदम सुटली. बेघर काकूंना वहिनींनीच आपली माडीवरची खोली दिली. तिथे पहिल्याच दिवशी सासूबाईंनी वहिनींना असं काही सुनावलं, की काकू जिन्यातच...

पण तुम्ही जरा मागे सरा बघू. केवढे पुढे वाकलात! मागे रांग आहे.