केळुसकरांचं स्वीडिश

केळुसकरकाका कुठल्याही भाषेतल्या सिनेमाचं जागच्या जागी मालवणीत भाषांतर करायचे. ती भाषा आपल्याला आलीच पाहिजे, अशी त्यांची अट नव्हती. "तोंड बघूचा, अर्थ आपोआप येता," असं त्यांचं म्हणणं.

ते आखातात गोदीत फिटर होते. तिथल्या नईम भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. आमच्याकडे व्हिडिओ आला आणि दर शुक्रवारी जेवणं उरकली की काका वर येऊन टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसू लागले. इजिप्तच्या सिनेमातली नटवी नायिका त्यांच्या तोंडून "खंय होतंस रे मेल्या?" विचारायची. अरबी येणाऱ्या एका शेजाऱ्याने चूक काढली, तर काका म्हणाले, "तू शब्दांचो अर्थ सांगतंस. मी मनाचो सांगतंय."

माझे मिस्टर अस्करला कारखान्यात इंजिनिअर. त्यांचा स्वीडिश साहेब मायदेशी परतताना कॅसेटींचं खोकं आम्हाला देऊन गेला. त्यात पोलिसांचा एक सिनेमा निघाला. कव्हरवर इंग्रजीत चार ओळी होत्या: एका दांडग्या अधिकाऱ्याच्या मारहाणीत बायको गेलेला माणूस सूड घ्यायला निघतो. बाकी सगळं स्वीडिश.

काका खूश झाले. गोदीत त्यांनी एका स्वीडिश इंजिनिअरच्या हाताखाली काम केलं होतं. "ताक म्हणजे थँक्यू," त्यांनी जाहीर केलं. पडद्यावर कुणीतरी इन्स्पेक्टरला कॉफी दिली, तो खरंच "ताक" म्हणाला, आणि खोलीत काकांची पत एकदम वाढली.

त्या दिवशी फ्रान्सिसही होता. वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, अबोल मुलगा. गावी त्याच्या धाकट्या भावाला चोरीच्या खोट्या संशयावरून एका फौजदाराने इतकं मारलं होतं, की त्या मुलाचा एक कान कायमचा बहिरा झाला. तक्रारीचं काही झालं नाही. फ्रान्सिसची लीव्ह पुढच्या आठवड्यात होती. "वहिनी, या वेळी मी त्याला सोडणार नाही," असं तो मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला होता. मी ते काकांच्या कानावर घातलं होतं.

सिनेमा सुरू झाला. बर्फात उभे दोन पोलीस मालवणीत बांगड्याच्या भावावरून भांडू लागले. आम्ही हसत होतो. फ्रान्सिस हसत नव्हता. तो पुढे सरकून, सूड घ्यायला निघालेल्या त्या बंदूकवाल्याकडेच बघत होता.

शेवटी त्या माणसाने अधिकाऱ्याला बंदरावर गाठलं. बंदूक रोखली. पडद्यावर कुणीच काही बोलेना. काका मात्र बोलू लागले. "तो म्हणता, ह्या मेल्याक मारून माका काय मेळतला? मी जेलात गेलंय तर घराकडे भावाक कोण बघतलो?"

"काका, त्याची तर बायको होती ना?" मी म्हटलं.

"भाव पण होतो. धाकटो."

"अंकल, हिज माउथ इज क्लोज्ड," माझी मुलगी म्हणाली.

काका उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. "खलास. मारूक नाय त्येणी. घराक गेलो."

मुलांनी गलका केला. फ्रान्सिस मान खाली घालून बसला होता. तसाच म्हणाला, "मग मी काय करू, काका? नुसतं घरी जाऊ?"

"वकिलाकडे जावया. मी येतंय तुझ्यावांगडा. माझी रजा तशीच पडान आसा."

आम्ही चकित झालो. काका कित्येक वर्षांत देशी गेले नव्हते. गावी वाट बघणारं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून.

दोघे मुहर्रकच्या विमानतळावरून एकाच विमानाने गेले. पूर्ण महिना काका फ्रान्सिसच्या घरी राहिले. वकील गाठला, वरच्या साहेबांकडे अर्ज गेले, आणि फौजदाराची फक्त बदली झाली. फ्रान्सिस म्हणाला, न्याय काही मिळाला नाही. पण मारहाणीपासून घरातच बसून असलेला त्याचा भाऊ बाहेर पडू लागला होता, रोज काकांबरोबर मासळी आणायला जायचा.

परतायच्या दिवशी फ्रान्सिसच्या आईने दारात काकांना विचारलं, "भाऊ, आता परत कधी येणार?" काकांनी पिशवी उचलली आणि ते बाहेर उभ्या रिक्षात, तोंड फिरवून, जाऊन बसले.

फ्रान्सिस तेव्हा अजून जेवत होता.