सव्वीस भाग साखर

"यंदाचा तेज्ज अंदाजानं नाही, आकड्यानं होणार!" मेस्गनाव मास्तरांनी इंजेराचा, म्हणजे आंबट धिरड्याचा, घास हातातच ठेवून जाहीर केलं आणि खिशातून एक काचेची नळी बाहेर काढली. तेज्ज म्हणजे तिथे घरोघरी रांजणात आंबवतात ती मधाची दारू.

नळी म्हणजे डेअरीत दूध तपासायला असते ना, तिची चुलत बहीण. बुडाशी वजन, वरच्या दांडीवर मुंगीएवढे आकडे. पाणी जितकं गोड तितकी ती वर येऊन तरंगते, आणि शंभर भागांत साखरेचे भाग किती ते सांगते. मास्तर देब्रे मार्कोसच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. पेपर तपासायला अदिस अबाबाला गेले होते, तिथून त्यांनी ती दोन टॉवेलांत गुंडाळून मांडीवर घेऊन आणली. बसमध्ये शेजारच्या बाईनं प्रेमानं विचारलंसुद्धा, "किती महिन्यांचं?"

"आणि आईच्या जिभेचं काय करायचं?" यितायिशनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं विचारलं.

"जीभ ती जीभ! जिभेवर कुठे आकडे छापलेले असतात का?"

सासूबाईंनी जावयाच्या बाजूला आणखी थोडी मसुराची डाळ वाढली.

आता या सासूबाई, तिरुयेबाई, म्हणजे काय चीज होती ते सांगायलाच हवं. मध, पाणी आणि गेशो नावाच्या झुडपाची कडू पानं, या तिघांखेरीज त्यांच्या रांजणात चौथं काही पडत नसे. पण रांजण घासायला त्या अख्खी सकाळ घेत, मग रानजैतुनाच्या लाकडाचा धूर त्यात कोंडून ठेवत. मधाचं पाणी कालवलं की थेंबभर तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून चाटायचा आणि म्हणायचं, "ओंजळभर मध कमी आहे." ओंजळ पडली की काम फत्ते! पुढे आंबायला लागलं की त्या रांजणाच्या पोटाला कान लावून बसत. तीस वर्षांत एकदाही तेज्ज बिघडला नाही. असली बाई आपल्या घरात आहे याचा कुणालाही अभिमान वाटावा. मास्तरांनाही वाटत होताच, फक्त त्यांना त्या अभिमानाला आकड्याची जोड द्यायची होती.

आणि साखर? नाव काढू नका! दुधात पाणी घालणारा एक वेळ परवडला, पण तेज्जात साखर घालणारी बाई त्या गावात मान वर करून चालू शकत नसे. त्यातून यंदा संत मिकाएलच्या मंडळाची पंगत तिरुयेबाईंच्या घरी होती. बारा घरची माणसं येणार, तीन आठवड्यांवर दिवस. मंडळाचे प्रमुख शिफेराव, आणि रांजणातला मध त्यांच्याच पोळ्यांचा. म्हणजे नाव राहिलं तर इथे, गेलं तरी इथेच!

सोमवारी सासूबाईंनी मध कालवला. मंगळवारी पहाटे, घर झोपेत असताना, मास्तर नळी घेऊन रांजणापाशी गेले. आकडा आला बावीस. नळीबरोबरच्या पुस्तिकेत तर स्पष्ट छापलं होतं: उत्तम मद्यासाठी सव्वीस. चार कमी!

एकोणपन्नास गुणांवर अडकलेल्या पोराला पन्नासपर्यंत ढकलणारे मास्तर ते. त्यांना हे बघवेना. फळीवर कॉफीसाठी आणलेली साखर होती. त्यांनी अडीच किलो साखर रांजणात घातली, दांड्यानं ढवळली आणि पुन्हा मोजलं. सव्वीस! सासूबाईंवर केवढे उपकार केले, असं वाटून त्यांची छाती फुलली.

इथवर सगळं गुपचूप होतं, तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण दुपारी कॉफीला शेजारपाजार जमला आणि मास्तरांना राहवलं नाही. पहिला कप झाला, दुसरा झाला. मास्तरांनी उंच पेल्यात रांजणातला नमुना काढला, नळी सोडली, चष्मा कपाळावर चढवला आणि वर्गात ओरडावं तसे ओरडले, "सव्वीस! शंभरात सव्वीस भाग साखर!"

कोपऱ्यातल्या झेनेबेचनं कप खाली ठेवला. ती दोन घरं पलीकडे राहायची, स्वतः तेज्ज विकायची, आणि तिचे कान घराबाहेरच जास्त असायचे.

"काय म्हणालात मास्तर? साखर?"

"साखरच! यंत्र खोटं बोलत नाही!"

"नाही ना?"

"कधीच नाही!"

झेनेबेच तिसरा कप न घेताच उठली. तिसरा कप आशीर्वादाचा. तो टाकून देब्रे मार्कोसमध्ये कुणी उठत नाही, घराला आग लागली तरी! मास्तरांना वाटलं, बिचारी शास्त्राचा चमत्कार पाहून हेलावली. तिरुयेबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं आणि निखारे सारखे केले.

बुधवारी सकाळी शिफेराव काठी आपटत दारात हजर! मागे मंडळाची दोन माणसं, त्यांच्या मागे झेनेबेच.

"मास्तर, माझ्या मधात साखर निघाली म्हणे?"

"दादा, तसं नाही. मध म्हणजेच साखर!"

याहून वाईट वाक्य रसायनशास्त्राच्या इतिहासात कुणी उच्चारलं नसेल. शिफेरावांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझ्या माशा काय साखर कारखान्यात कामाला जातात?"

"अहो दादा, मधातला गोडवा हीसुद्धा एक प्रकारची—"

"मोजा! माझ्यासमोर मोजा!"

मास्तरांनी नळी सोडली. बावीस! डोळे चोळून पुन्हा पाहिलं. बावीसच!

"काल सव्वीस, आज बावीस!" झेनेबेच कडाडली. "चार भाग रात्रीत कुठे गेले? भीतीनं पाणी ओतलं असणार!"

"आंबतंय ते! आंबताना साखर कमी होतेच!" मास्तर म्हणाले. ते खरंही होतं. पण एका रात्रीत चार भाग? आश्चर्यानं त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

तोवर झेनेबेचनं पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि नळी त्यात सोडली. नळी ऐटीत तरंगू लागली! "बघा! साखरेतही तश्शीच तरंगते. मग हिच्या रांजणात आणखी काय असणार? यंत्र खोटं बोलत नाही, मास्तरच म्हणाले!"

नळीला मधाची साखर आणि दुकानातली साखर यांतला फरक कळत नाही, हे मास्तरांना माहीत होतं. आणि आपल्या रांजणात दुकानातली अडीच किलो आहे, हेही त्यांनाच काय ते माहीत होतं.

शिफेराव खाली बघत म्हणाले, "तिरुये, यंदा पंगत दुसऱ्या घरी न्यावी लागेल."

तिरुयेबाई गेशोची पानं निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मास्तरांनी लग्नाला झालेल्या सहा वर्षांत ते हात थांबलेले कधी पाहिले नव्हते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या हौसेपायी या बाईची तीस वर्षं पाण्यात! त्यांनी तोंड उघडलं, "दादा, ती साखर खरं तर मी—"

"मास्तर, जरा गप्प बसता?" सासूबाई म्हणाल्या. मग पदर सावरून उठल्या. "शिफेरावदादा, यंत्राला विचारून झालं. आता जिभेला विचारा. चंबू भरा, कुठल्याही घरचे भरा. मी भिंतीकडे तोंड करून बसते."

तीन चंबू आले. एक शिफेरावांच्या घरचा, एक झेनेबेचच्या, एक समोरच्या रांजणातला. झेनेबेचनं आपला मोठ्या तोऱ्यात दिला, कारण गेली आठ वर्षं त्यातली मेख कुणाला ओळखू आली नव्हती.

तिरुयेबाईंनी पहिला थेंब चाटला. "हा दादांच्या घरचा. मध सोन्यासारखा, पण वहिनींनी रांजणाला धूर कमी दिलाय."

मंडळी हसली. शिफेरावही खुदकन हसले, कारण घरी रोज हाच वाद चालायचा.

दुसरा थेंब. "यात साखर आहे. रांजणाला चार किलो."

"साफ खोटं!" झेनेबेच ओरडली. "तीनच!"

आणि मग तिलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. तिनं ओढणी तोंडावर घेतली. शिफेराव तर काठीला धरून हसत राहिले.

तिसरा थेंब आपल्या रांजणातला. सासूबाईंनी डोळे मिटले, चाटलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मध. दादांच्याच पोळ्यांचा, चोके डोंगराच्या अंगाचा. साखरेचा दाणासुद्धा नाही."

"पंगत इथेच!" शिफेराव म्हणाले.

सगळे गेले. मास्तर मात्र जागच्या जागी उभे! अडीच किलो साखर त्यांनी स्वतःच्या हातानं घातली होती. म्हणजे सासूबाईंची जीभ चुकली? वाचलो म्हणून हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोड्याशा गुदगुल्याही झाल्या.

पुढचे तीन आठवडे मास्तर रोज नळी बुडवत आणि सासूबाई शेजारी बसून थेंब चाटत. पंधरा, अकरा, आठ... दुसऱ्या आठवड्यात नळी डुलायची थांबण्याआधीच सासूबाई आकडा सांगू लागल्या. तोही बरोबर! मास्तरांनी वही मिटून ठेवली. असली जीभ मुंगीएवढी चूक करते यावर आता त्यांचाच विश्वास बसेना.

संत मिकाएलचा दिवस उजाडला. पंगत अशी रंगली की विचारू नका! शिफेरावांनी तिसरा चंबू संपवून जाहीर केलं, "तिरुये, असला तेज्ज मी जन्मात प्यायलो नाही!" मास्तरांनीही चंबू पुढे केला.

"थांबा, तुमचा वेगळा आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीतून एक चंबू घेऊन आल्या.

मास्तरांनी घोट घेतला. गोड, बोथट, ओठाला ओठ चिकटवणारा!

सासूबाई शेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अडीच किलो होती ना?"

मास्तरांनी चंबू खाली ठेवला. "आई! तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच सकाळी. चाटलं आणि कळलं. संध्याकाळी तो रांजण मागे सरकवला आणि उरलेल्या मधाचा नवा पुढे भरला."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तरीच ते चार भाग रात्रीत गेले! "मग मला झापलं का नाहीत?"

"बारा घरांपुढे जावयाला झापू?"

मास्तरांचे डोळे भरून आले. या बाईनं नाव पणाला लागलेलं असतानाही आपल्याला झाकलं होतं. "आई, मी गाढव आहे. तो मागचा रांजण आत्ता ओतून देतो."

"दादांचा मध आहे त्यात. मध कुणी ओततं का? चाळीस लिटर आहे. रोज एक चंबू घ्या, सावकाश संपेल."

"मास्तर!" पलीकडून शिफेराव ओरडले, "तुमच्या चंबूत साखर किती भाग?"

"मोजली नाही दादा," मास्तर म्हणाले. "आईंना विचारा."

"नऊ," सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या आणि इंजेरा वाढत पुढे गेल्या.

पाहुणे पांगल्यावर मास्तर मागच्या खोलीत सटकले. शेवटचं, एकदाच! उंच पेला काठोकाठ भरला, नळी सोडली, श्वास रोखून वाकले. नऊ. ना केसभर वर, ना केसभर खाली! ते कौतुकानं नळीकडे बघतच राहिले.

"जुळलं का?" दारातून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. "मग आता तो पेला रांजणात परत ओतू नका. आजचा चंबू वेगळा, हा वेगळा. पिऊन टाका."