शिंपिणीच्या आईचा दोरा

एका जंगलात, बाळांनो, ठकूबाई नावाची एक शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे चिमणीहून लहान पाखरू. झाडाचं मोठं पान वळवायचं, चोचीनं कडा शिवायच्या, आत कापूस घालायचा, की झालं तिचं घर. शिवणकामात तिचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं, आणि हे तिला ठाऊकही होतं.

शिंपिणींची एक रीत होती. नव्या घरात आईच्या घरातला एक दोरा घालायचा. त्याशिवाय अंडी घालायची नाहीत. ठकूबाईचा दोरा लाल होता, कुणाच्या तरी जुन्या लुगड्याचा. आई केव्हाच गेली होती. तिचं म्हणून एवढंच काय ते उरलं होतं.

अंडी दोन दिवसांवर आली, तेव्हा साळिंदरपंत तिथून चालले होते. पंत शहरातल्या प्राणिसंग्रहालयात चार वर्षं काढून आलेले. आत ठेवलं आणि पाटी लावली की काहीही थोर दिसतं, हे ते स्वानुभवानं शिकले होते.

"बाई, यात काय काय आहे?" पंतांनी विचारलं.

"पान, कापूस, आणि हा माझ्या आईचा दोरा," ठकूबाई खुशीत म्हणाली. कौतुक कुणाला नको असतं?

पंतांच्या अंगावरचे काटे उभे राहिले. "अहो, हे घर नव्हेच. ही स्मृती आहे."

दुसऱ्या दिवशी ठकूबाई किडे टिपून परत येते तो फांदी रिकामी. घर पंतांच्या गुहेत टांगलेलं. खाली पाटी : 'स्मृती. पान, कापूस, दोरा, विरह. हात लावू नये.' अख्खं जंगल रांगेत उभं होतं. रानडुक्कर तर रडत होतं.

"पंत, मला आत बसायचंय. अंडी उद्यावर आलीत."

"आत? बाई, ते रिकामं आहे यातच तर सगळं आहे."

"मग निदान दोरा तरी द्या. माझ्या आईचा आहे तो."

"होता. आता तो सगळ्यांच्या आईचा आहे," पंत म्हणाले. "आणि जरा हळू बोला. रसिकांना त्रास होतो."

ठकूबाईला रडू आलं. त्याहून जास्त राग आला. टाके तिचेच, गाठ कुठे मारली आहे हे तिलाच माहीत. ती भुर्रकन वर गेली, गाठ सोडवली आणि दोरा ओढला. कापूस खाली पडला, पान उलगडलं. कुणी काही म्हणायच्या आत ती दोरा घेऊन पसार झाली, आणि जांभळाच्या झाडावर नवं पान शिवायला बसली.

इकडे गुहेत सगळे पंतांच्या तोंडाकडे बघू लागले. पंतांनी ते भोकाभोकांचं पान बराच वेळ न्याहाळलं. मग जुनी पाटी पुसून नवी लिहिली : 'विस्मृती.'

आता तिथे दुप्पट रांग लागते. रानडुक्कर रोज येतं.

जांभळावर तीन पिल्लं झाली. ती बघायला कुणीच आलं नाही, त्यामुळे ती सुखात वाढली.

तात्पर्य : आपली आठवण कुणी भिंतीवर टांगली, तर भीड न धरता सोडवून आणावी. कलेचं काही बिघडत नाही. रसिकांना भोकंही पुरतात.