भामरेसरांचं वस्त्रदान

डॉ. रामदास भामरे यांना समाजसेवा करायचीच नव्हती. त्यांना फक्त भूपेंद्रभाईंना नाही म्हणता आलं नाही. (नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवण्याचं कामही त्यांच्या गळ्यात असंच पडलं होतं. त्यांना खरं म्हणजे इतिहास शिकवायचा होता.)

भूपेंद्रभाई म्हणजे हजीऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीयर. ते आणि भामरेसर एकाच विद्यापीठाचे. त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी मंडळाने साठीपुढच्या पदवीधरांसाठी 'सेवेच्या संधी' काढल्या होत्या आणि सुरत शाखेचे अध्यक्ष या नात्याने भूपेंद्रभाई त्या फोनवर एकेक करून खपवत होते.

"अस्पताल में मरीजों के पास बैठोगे, डॉक्टरसाहब?"

"नको. मला तो वास सोसत नाही. आणि मरीजाने विचारलं, मी बरा होईन का, तर खरं काय सांगायचं?"

"तो जेल में पढाओ."

"मी शिकवलेला तर्क वापरून एखादा सुटला तर? किंवा त्याहून वाईट म्हणजे, नाही सुटला तर?"

भूपेंद्रभाईंनी फोनवरच सुस्कारा सोडला. "तो शनिवार को लिंबायत चलो. पुराने कपडे बाँटने हैं. देना, चार शब्द बोलना, घर आना. इसमें क्या डर?"

सरांना घाईघाईत यातला धोका सुचेना, म्हणून ते हो म्हणाले.

शनिवारी दुपारी त्यांनी स्वतःचे जुने कपडे पलंगावर काढून ठेवले. दोन शर्ट, गुडघ्यावर विरलेली एक पँट आणि एक माकडटोपी. एवढंच. सुरतेच्या उकाड्यात माकडटोपी कुणाला द्यायची, हा एक प्रश्न होता आणि ती आपण मुळात विकत का घेतली, हा दुसरा. तिकडे कुणी सभासद म्हणे गाडीची डिकी भरून कपडे आणणार होता. एवढ्या विद्वान माणसाने काखेत चार कपडे घेऊन जायचं? सर मनातल्या मनात आत्ताच लाजले.

काही मिळतं का ते पाहायला ते मागच्या खोलीत गेले. तिथे चादरीत बांधलेला एक भलामोठा गठ्ठा होता. गाठ सैल करून पाहिलं तर साड्या. आणि साड्यांची दशा काय सांगावी! उलट्या बाजूने असे धागे लोंबत होते की एखाद्या मांजराने त्यांवर वर्षभर नखं घासली असावीत.

सरांनी विचार केला. चांगल्या साड्या आपली बायको लीला कपाटात ठेवते. या कपाटात नाहीत. शिवाय यांचे धागे निघालेले आहेत. म्हणून या टाकून दिलेल्या साड्या आहेत. (पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना अशाच पायऱ्यांनी निष्कर्षाला नेलं होतं. मुलं तेव्हाही गप्प बसत.)

तरी खात्री करून घ्यावी म्हणून ते झोपायच्या खोलीच्या दारात गेले. पण दुपारच्या झोपेतून लीलाबाईंना उठवण्याची प्रथा त्या घरात नव्हती. सरांनी हळूच खोकून पाहिलं. लीलाबाई कुशीवर वळल्या. सरांनी त्याला संमती समजायचं ठरवलं आणि गठ्ठा रिक्षात टाकला.

लिंबायतच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट चालला होता. मंदिरापुढच्या मोकळ्या जागेत बायका रांगेने उभ्या होत्या. इतर सभासदांचे कोट आणि सफारी त्यांनी निमूटपणे घेतले. पण सरांचा गठ्ठा सुटला आणि रांगेत चुळबूळ झाली. बायका साडी हातात घेत, उलटी करून पाहत, धागे बोटांनी चाचपत आणि एकमेकींकडे बघून मान हलवत. सरांना भरून आलं. आयुष्यात प्रथमच कुणी त्यांनी दिलेली गोष्ट इतकी लक्षपूर्वक पाहत होतं.

मग ते बोलले. चार शब्द म्हणता म्हणता त्यांचे बरेच झाले. देणारा मोठा नाही आणि घेणारा लहान नाही, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी हात जोडले. "भगिनींनो, हे वस्त्र मी विश्वासाने तुमच्या हाती सोपवतो आहे!"

पुढच्या रांगेतल्या एका तरुण बाईने विचारलं, "कधीपर्यंत?"

किती खोल प्रश्न, सरांना वाटलं. ते तिच्याकडे पाहून हसले. "घाई कसली, बाई? सगळं आयुष्य पडलं आहे."

परतताना भूपेंद्रभाई म्हणाले, "डॉक्टरसाहब, आपने तो रंग जमा दिया." सरांना त्या रात्री शांत झोप लागली. (ती शेवटची.)

रविवारी सकाळी उषाबाई आल्या. उषाबाई त्यांच्याकडे भांडी-फरशी करायच्या आणि राहायला डिंडोलीत होत्या. त्या नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत गेल्या आणि तिथून असा आवाज आला की सरांच्या हातातला चहा बशीबाहेर सांडला.

"ताई, माझा गठ्ठा कुठंय?"

"तिथेच असेल बघ," लीलाबाई म्हणाल्या.

"इथं नुसती जमीन आहे, ताई!"

सरांनी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता, हे लीलाबाईंच्या लगेच ध्यानात आलं.

"अहो, गठ्ठा पाहिलात का?"

"कोणता? तो... फाटक्या साड्यांचा?"

"फाटक्या?" उषाबाई मटकन खाली बसल्या. "सर, नव्या कोऱ्या साड्या त्या! धागा कटिंगच्या!"

मग सरांना कळलं ते असं. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते धागे कापायला बायका साड्या घरी आणतात आणि कापून झाल्या की शेठकडे पोचवतात. अर्ध्या सुरतेच्या घरांत हे काम चालतं. उषाबाईंच्या खोलीत उंदीर झाले होते, म्हणून त्यांनी गठ्ठा इथे ठेवला होता. नवऱ्याचं लूम दोन महिने बंद. घर चालत होतं ते या गठ्ठ्यांवर. सोमवारी माल छगनशेठकडे पोचला नाही, तर शेठ पुन्हा काम देणार नाही आणि कापड मार्केटमधल्या बाकीच्या शेठ लोकांनाही सांगेल.

"मी गुरुवारी सांगितलं होतं तुम्हाला," लीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही 'हूं' म्हणालात."

"ते 'हूं' फक्त ऐकल्याचं होतं."

"ऐकल्याचंही नव्हतं! आणि मला विचारायला काय झालं होतं?"

"मी खोकलो होतो," सर म्हणाले.

उषाबाई रडत नव्हत्या. त्या नुसत्या मोकळ्या कोपऱ्याकडे पाहत बसल्या होत्या. रडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी चपला घातल्या.

लिंबायतला पोचेपर्यंत त्यांनी रिक्षात निरनिराळी वाक्यं जुळवली. 'माझ्या हातून अनवधानाने...' 'दिलेलं परत मागणं हे खरं तर...' प्रत्येक वाक्यासरशी कान जास्तच तापत होते. काल देणारा मोठा नाही असं सांगून आलेला माणूस आज साड्या परत मागायला चालला होता. मोठा नाही, हे आता सिद्धच होणार होतं.

पहिल्याच दारात कालची ती तरुण बाई उभी होती. तिचं नाव कविता. सरांना पाहताच ती आत वळून ओरडली, "आत्या, शेठचा माणूस आला गं!"

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"बसा. झाल्यात आमच्या. बाकीच्या बायकांच्यापण झाल्यात. रात्रीतून बसून केल्या." कविताने घडी घातलेली साडी त्यांच्या पुढ्यात उलटी पसरली. मागची बाजू आरशासारखी साफ. एक धागा लोंबत नव्हता. "पण एक सांगा, काका, काम द्यायची ही कुठली पद्धत?"

आतून तिची आत्या हातात कात्री घेऊनच आली. "काल इतलं भाषण करं, पन भाव काही सांगा नही!"

"आणि कधीपर्यंत विचारलं तर म्हणे आयुष्य पडलंय," कविता म्हणाली. गल्लीतल्या बायका खिदळल्या. "असा शेठ पहिल्यांदा पाहिला बाई!"

सरांचं तोंड उघडलं. आता सांगून टाकावं, की हे काम नव्हतं, दान होतं. पण दान होतं म्हटलं, तर या बायकांनी साड्या परत का द्याव्यात? आणि दान होतं पण परत द्या म्हटलं, तर... सरांचं तोंड मिटलं. आयुष्यभर सत्य म्हणजे काय ते शिकवलेला माणूस गल्लीत उभा राहून म्हणाला, "भाव... तुम्ही म्हणाल तो."

मग आत्याने त्यांना पाणी आणून दिलं.

सरांनी पाकीट रिकामं केलं. गठ्ठा बांधून झाला. शेजारीण म्हणाली, "माणूस चांगला आहे, जरा बोलतो जास्त." सर तसेच निघणार, तेवढ्यात कविता म्हणाली, "एक कमी आहे बघा. सखुबाईकडं. शेवटच्या खोलीत."

सखुबाई दारातच बसली होती. ऐंशीच्या घरातली, मूळची जालन्याकडची. तिने ती साडी नेसली होती. धागे न कापताच.

"कोण?" तिने मान वर केली. डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलेले. "आवाज काढ की, लेकरा."

"मी... कालचा. साड्यांचा."

"आरं, तूच का तो! ये, बस." तिने चाचपडत बाजूला जागा केली. "या बाया म्हणत होत्या, काम दिलंय, काम दिलंय. मी म्हटलं, मला दिसत न्हाई हे समद्या गल्लीला ठाऊक. मला कोण काम देणार? म्हंजी नेसायलाच दिली असंल. बरोबर का न्हाई?"

सरांनी हा युक्तिवाद पुढून पाहिला, मागून पाहिला. त्यात खोट नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"धागे टोचत्यात जरा पाठीला." सखुबाई हसली. "पर देणाऱ्याला कसं बोलायचं? सांग तुझ्या बायकोला, मऊ हाय म्हणावं."

सर पंधरा-वीस मिनिटं तिथे बसले. म्हातारीने नातवाची, पायांची आणि नळाच्या पाण्याची हकीकत सांगितली. साडी परत मागायचं वाक्य दर वेळी सरांच्या जिभेवर आलं आणि दर वेळी त्यांनी ते गिळलं. निघताना ते फक्त म्हणाले, "कात्री आहे का?" आणि तिच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी पदराचे धागे कापायचा प्रयत्न केला. दोन धागे कापले. तिसऱ्याला साडीच कापली गेली. एवढीशीच. म्हातारीला दिसलं नाही. त्यांना दिसलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. कापलेलंसुद्धा. लीलाबाईंनी ऐकून गठ्ठा उषाबाईंपुढे सरकवला.

उषाबाईंनी साड्या उलटसुलट केल्या. "काम छान झालंय. एक कमी आहे ते मी बघते, सर. म्हातारीच्या अंगावरची काढायची नाही."

"शेठ काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल." उषाबाईंनी पदर खोचला आणि भांड्यांकडे वळल्या. पण त्यांच्या हातची भांडी नेहमीसारखी वाजत नव्हती.

सोमवारी सर स्वतः गठ्ठा घेऊन मार्केटमध्ये गेले. उषाबाई बाहेर जिन्यापाशी थांबल्या. छगनशेठची पेढी तिसऱ्या मजल्यावर. पांढऱ्या गादीवर शेठ तंबाखू मळत बसले होते. त्यांनी साड्या पाहिल्या, मागची बाजू पाहिली, भुवया उंचावल्या. मग मोजल्या.

"एक कम है."

सरांनी सगळी हकीकत सांगितली. रीतसर, सुरुवातीपासून, कारणांसकट. मध्ये खोकल्याचा भागही आला. शेठ तंबाखू तोंडात धरून ऐकत राहिले.

"इसमें उषाबाई की कोई गलती नहीं है," सर शेवटी म्हणाले. "उसका काम मत बंद कीजिए. साडी के पैसे मैं देता हूँ."

"कैसे दोगे, काका? होलसेल है. सिंगल पीस नहीं बेचते."

"मग... तो दंड समझिए."

"दंड तो काम में से कटता है. बाई के नाम से काटूँ?"

"नहीं!" सर इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या पेढीवरच्यांनी वळून पाहिलं. "मेरे नाम से काटिए."

"आपका नाम तो मेरे यहाँ है ही नहीं." छगनशेठ जरा विचारात पडले. मग त्यांना उपाय सुचला. दोन नवे गठ्ठे त्यांनी गादीवर ओढून घेतले. "ये उषाबाई का. उसका काम चालू. और ये आपका. इसकी मजूरी में से साडी काट लूँगा. मंजूर?"

मंजूर आहे की नाही, हे सरांना ठरवता येईना. पण नाही म्हणता येत नव्हतंच. त्यांनी मान हलवली.

"पहले कभी किया है?"

"एकदा. म्हणजे, एक बार. तीन धागे."

"कितना पढे हो?"

"पीएच.डी.," सर खाली पाहत पुटपुटले. "तर्कशास्त्र में."

छगनशेठनी त्यांच्या जाड भिंगांकडे पाहिलं, मग थरथरत्या बोटांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दया आली. गठ्ठा पुढे सरकवून ते समजुतीने म्हणाले,

"वांधो नहीं, काका. उषाबाई सिखा देगी."